बोटीवर इंजिन बंद करताना

यंदाही आश्विनातले ऊन अंगणात उतरले आणि माझ्या मनात भय पुन्हा येऊन बसले. खरे तर हा ऋतू भिण्याचा नव्हे. पावसाने धुतलेले आकाश इतके निर्मळ असते की त्याकडे पाहून कोणाचेही चित्त निवावे. पहाटे गवतावर दव असते, वाडीतून सुपारीच्या ओल्या सालीचा तुरट वास येतो, आणि पूजा आटोपून बाहेर यावे तो उन्हाचा असा चटका बसतो की देवघरातला गारवा क्षणात अंगावरून पुसला जातो. वैद्यकशास्त्राने शरदाला पित्ताच्या प्रकोपाचा काळ म्हटले आहे. माझे पित्त किती वाढते ते मला ठाऊक नाही. परंतु गेल्या वर्षीच्या शरदापासून या उन्हाचा आणि भयाचा माझ्यापुरता एक संबंध जुळून गेला आहे, आणि तो मला तोडता आलेला नाही.

त्या भयाला निमित्त होती एक जुनी मोटार. कारण होते माझ्या पत्नीचे हृदय.

मोटार तिच्या, वत्सलेच्या, थोरल्या भावाची, अण्णांची. अण्णा निवर्तले आणि गाडी आमच्या अंगणात आली. वत्सलेला माहेर म्हणून आता एवढेच उरले आहे. काळी, गोल पाठीची, पुढे एकसंध लांब बैठक असलेली ही गाडी तिच्या जातीच्या इतर गाड्यांसारखी शांत नाही. अण्णांना वेगाचे वेड होते. त्यांनी तरुणपणी इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, घासून घेतले आणि आत उंच माथ्याचे पिस्टन बसवले. त्यामुळे इंजिनाच्या पोटात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण अधिक दाबले जाते. तो दाब जितका अधिक, तितका त्याचा स्फोट बलवान. म्हसळ्याच्या चढणीवर अण्णांची गाडी नव्या गाड्यांना मागे टाकी, आणि वरच्या वळणावर थांबून अण्णा मागून येणाऱ्यांना हात करीत.

परंतु जे इंजिन इतक्या दाबाचे, ते झोपेतून उठवायलाही तितकेच जड. ते पहिल्यांदा फिरवून देणारी छोटी विजेची मोटर, जिला कागदोपत्री स्टार्टर आणि आमच्याकडे सगळे सेल्फ म्हणतात, ती मूळच्या मवाळ इंजिनासाठी घडवलेली होती. अण्णांनी इंजिन बदलले, सेल्फ तोच ठेवला. तो जळला तेव्हा त्यांनी स्वतः तांब्याची तार आणून पुन्हा गुंडाळला, पण अधिक ताकदीचा घेतला नाही. कारण त्यांना त्याची गरजच पडत नसे. आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे उतरत गेलेली. इथे ज्याच्याकडे जुने वाहन आहे तो ते उतारावर, तोंड समुद्राकडे करून उभे करतो. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. इंजिन आपसूक धरते. अण्णा आमच्याकडे गाडी घेऊन येत, म्हणून आमच्या अंगणाच्या कडेलाही त्यांनी त्यासाठी जांभ्या दगडाची उतरती फरसबंदी करून दिली होती. “सेल्फ म्हाताऱ्यांसाठी असतो,” असे ते म्हणत आणि स्वतः म्हातारे झाल्यावरही म्हणत राहिले.

या सोयीने आम्हा सर्वांना फसवले. वर्षानुवर्षे सेल्फ दुर्बळ होत गेला आणि कोणाच्या ध्यानात आले नाही. जमिनीच्या उताराने त्याचा रोग झाकून ठेवला होता.

वत्सलेचा रोगही असाच झाकलेला. लहानपणी येऊन गेलेल्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. साठी ओलांडेपर्यंत तिने त्यातून होणारा धापेचा त्रास चढावर ढकलला, दमटपणावर ढकलला, माझ्या चालण्याच्या वेगावर ढकलला. मग एका पावसाळ्यात तिला आडवे निजणे जमेना. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, झडप बदलावी लागेल. शस्त्रक्रिया मुंबईत होईल. फार लांबवू नका. तोवर औषधे, आणि ठरावीक अंतराने तपासणी.

अलिबागेला जायचे म्हणजे आम्ही बोर्ली पंचतनवरून दिघीला येतो, तिथे फेरीबोटीवर गाडी चढवतो आणि खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरतो. म्हसळ्यावरून रस्ता आहे, पण त्याची वळणे तिला सोसत नाहीत. पोटात ढवळते आणि श्वास लागतो. भाड्याच्या गाडीत तिने बसून पाहिले. मागच्या बाकावर अंग आक्रसून तिचा जीव घाबरा झाला. अण्णांच्या गाडीच्या लांब बैठकीवर मात्र उशा रचून, पाय दुमडून, अर्धवट टेकून ती निवांत प्रवास करी. म्हणून ती गाडी चालू होणे ही आमच्या घरात हौसेची बाब राहिली नव्हती.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी आम्ही असेच निघालो होतो. बोट आगरदांड्याला लागली, पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकली. बोटीवर इंजिन बंद ठेवायचा नियम आहे. मी चावी फिरवली. पुढून एक घोगरा कण्हण्याचा आवाज आला, मग अर्धवट दुसरा, मग नुसती टकटक. दिघीपर्यंतच्या चढउतारांनी इंजिन तापले होते, शेजारून जाणाऱ्या धुराच्या नळीने सेल्फही तापला होता, आणि तापलेल्या सेल्फची उरलीसुरली शक्ती त्या दाबापुढे संपली होती. पुन्हा चावी. पुन्हा टकटक.

मागे टेम्पो, त्यामागे खडीचा ट्रक. बोटीवरचा खलाशी धावत आला.

“गुरुजी, गारी कारा. पाणी उतरतंय, फली उचलाची हाय.”

“होत नाही रे चालू.”

“मंग ढकलू. पन ह्यो चढ हाय, उतार न्हाय. मानसं लागतीन.”

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोके काढले. “आजोबा, गाडी म्युझियमला द्या, आम्हाला जाऊ द्या!”

मी वत्सलेकडे पाहिले. ती पदराने वारा घेत होती आणि तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. समोर धक्क्याचा चढ, मागे पाणी, डोक्यावर ते शरदाचे निर्दय ऊन. आमच्या अंगणातला उतार मैलोगणती दूर होता. त्या क्षणी मला जे भय वाटले ते मी शब्दांत मांडू शकत नाही. जन्मभर शब्दांचाच अभ्यास करूनही. उतारूंनी, खलाशांनी, शेवटी त्या टेम्पोवाल्यानेही खांदा लावला आणि आम्हाला वर ढकलले. ढकलताना तो वत्सलेला म्हणाला, “घाबरू नका आजी, तुमचा ड्रायव्हर म्हातारा झालाय, बाकी काय नाय.” ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली.

माणूस भितो तेव्हा भयाला एक आकार शोधतो, असे मला आता वाटते. निराकाराचे भय सोसत नाही. सगुण रूपाची उपासना आपण का करतो याचे उत्तर मी विद्यार्थ्यांना अनेकदा दिले. तेच उत्तर उलट्या अंगाने भयालाही लागू पडते, हे त्या धक्क्यावर कळले. माझ्या भयाने सेल्फचा आकार घेतला. तो लोखंडाचा, हातात धरता येणारा, खोलून पाहता येणारा होता. त्याच्याविषयी काही करता येत होते.

वत्सलेचेही तसेच झाले असावे. डॉक्टरांनी त्या दिवशी शस्त्रक्रियेचा निर्णय विचारला तेव्हा ती म्हणाली, “आधी गाडीचं होऊ दे. मग बघू.” मी लगेच मान डोलावली. डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि औषधे लिहून दिली.

बोर्लीच्या बाजारापलीकडे हनीफभाईंचे गॅरेज आहे. अण्णांचे ते जुने स्नेही. या इंजिनाचे हेड काढताना त्यांचाही हात लागलेला. सेल्फ खोलून त्यांनी जळक्या तारेचा वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

“गुरुजी, ह्यो आता थकला. परत गुंडाळून देतो, पन तुमचा अण्णा काय सेल्फचा दुश्मन होता. मी बोलतो, डिझेल जीपचा सेल्फ लावू. डोंगर उचलंल!”

“त्याचे दाते जुळतील का?”

“जुळवू की. थोडं घासू, थोडं सरकवू.”

या “घासू, सरकवू”ने माझी झोप उडवली. सेल्फच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. ते इंजिनाच्या मोठ्या चाकावरील दातेरी कड्यात गुंतते आणि त्याला फिरवते. दात्याला दाता नीट मिळाला नाही तर बलवान सेल्फ ते कडेच चावून टाकील, आणि मग इंजिन उतरवल्यावाचून उपाय नाही. बळ अधिक आणि योग्यता कमी, असे काही मला वत्सलेच्या प्रवासात नको होते.

दुसरा मार्ग कळला तो पनवेलच्या एका सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराकडून. मूळ कंपनीचा नसलेला, पण अशा जुन्या गाड्यांसाठी कोणी वेगळा घडवलेला एक सेल्फ त्याच्याकडे होता. त्याची मोटर लहान आणि वेगवान. तिचा वेग आतल्या चाकांनी कमी केला जातो आणि त्या बदल्यात जोर वाढतो. बॅटरीवरही भार कमी. मी फोनवर विचारीत गेलो. फिरण्याची दिशा कोणती? धरणारे बोल्ट कुठे? धुराच्या नळीपासून किती अंतर राहील? दाते किती खोल गुंततील?

“काका,” तो शेवटी म्हणाला, “सेल्फ घेताय की मुलीला स्थळ बघताय?”

“स्थळच समजा. आमच्याकडे सासर कडक आहे. हेड घासलेले आहे.”

“मग हे आधी बोलायचं ना! टायमिंग बघून घ्या. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका मारतं. सेल्फचं नाकच तुटेल. मग मला फोन करून बोलू नका.”

हा उलटा झटका माझ्या भयाचा नवा विषय झाला. हनीफभाई मात्र चिडले. “टायमिंग मी कानानं लावतो, गुरुजी. तो पनवेलवाला मला शिकवतो काय?” दोन दिवस ते फिरकले नाहीत. मग स्वतःच आले, ठिणगी किंचित मागे घेतली आणि म्हणाले, “वहिनींसाठी हां. त्याच्यासाठी न्हाय.”

पार्सल एसटीने आले. जुन्या सेल्फच्या तुलनेत ते इतके लहान होते की मला ते मुंजीतल्या बटूसारखे वाटले. बसवण्याआधी मी माझ्या रीतीने परीक्षा घेतली. सहाणेवर दाट गंध उगाळले, जुन्या दातेरी चाकाला लावून ते कागदावरून लोळवले. मग नव्याला लावून त्याच कागदावर, त्याच ओळीखाली लोळवले. गंधाच्या दोन रेघा उमटल्या. मी चष्मा लावून, श्वास धरून त्या दाता-दात्याने ताडून पाहिल्या. जुन्या पोथ्यांतले पाठभेद शोधण्याची माझी सवय अशी इंजिनाच्या कामी आली. कुठेही भेद नव्हता. वत्सला सुपारी निवडता निवडता म्हणाली, “आता त्याला अक्षताही लावा. हनीफभाई आले की मंगलाष्टकं म्हणू.”

जुना सेल्फ निघाला तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने तो मांडीवर घेतला आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसत बसली. तारेचे वेढे अण्णांच्या हातचे होते. मी तिला सांगितले, देवाची मूर्ती भंगली तर आपण ती तशीच पूजत नाही. तिच्यातले तत्त्व आधी कलशातल्या पाण्यात आवाहन करून घेतो, मग जुनी मूर्ती विसर्जित करतो आणि नव्या मूर्तीत ते तत्त्व प्रतिष्ठित करतो. हरवत काहीच नाही. हे सांगताना मी सेल्फविषयी बोलत होतो. ती मात्र छातीवर हात ठेवून ऐकत होती.

“समुद्रात नेऊन टाकू का?” मी विचारले.

“समुद्रात कशाला? तांबं आहे त्यात. हनीफभाईंना द्या.”

हनीफभाईंनी नवा सेल्फ बसवला, बॅटरीची जाड तार बदलली, अर्थिंगची गंजलेली पट्टीही नवी घातली. गाडी तापवून अंगणातल्या सपाटीवर चावी फिरवून पाहिली. ती धरत होती. तरीही मी नेटाने गाडी उतारावरच उभी करीत राहिलो. अंगणातल्या खात्रीवर माझा विश्वास नव्हता. माझे भय आगरदांड्याला राहिले होते आणि ते तिथेच जाऊन भेटायचे होते.

तो दिवस दसऱ्यानंतरचा. गाडीच्या तोंडावर झेंडूची माळ सुकत आली होती. दिघीच्या वाटेवर ऊन असे चढत होते की टपाला हात लावला तर पोळावा. बोटीवर गाडी चढवली आणि मी इंजिन चालूच ठेवले. तोच खलाशी आला.

“गुरुजी, बंद करा. नियम हाय.”

“जरा राहू दे की आज.”

“मागच्या टायमाला बघितलं ना मी. पन बंद करा. पेट्रोलची गारी, बोटीवर मानसं हायत.”

तो बरोबर बोलत होता. माझी बोटे चावीवर होती आणि ती वळत नव्हती. वत्सलेने हात पुढे केला, माझ्या बोटांवर ठेवला आणि चावी फिरवली.

इंजिन थांबले. बोटीचे यंत्र पार मागे गुरगुरत होते, पण गाडीच्या आत अकस्मात शांतता पसरली, आणि त्या शांततेत मला तिचा श्वास ऐकू आला. घरापासून दिघीपर्यंत अण्णांच्या त्या आडदांड इंजिनाने तो माझ्यापासून झाकून ठेवला होता. आखूड, घाईचा, मध्येच अडखळून पुन्हा सुरू होणारा श्वास. खाडीच्या मध्यावर पाणी काचेसारखे चमकत होते, आणि मी सेल्फचा विचार करायचा प्रयत्न करीत होतो, कारण तो विचार सोपा होता. तो येईना. एका श्वासानंतर दुसरा येईपर्यंतचे अंतर एवढेच माझे विश्व उरले. मी नामस्मरण सुरू केले आणि ते तिच्या श्वासाच्या तालावर अडखळू लागले.

फळी धक्क्यावर टेकली. मी चावी फिरवली. एक तीक्ष्ण, पातळ, घाईचा आवाज. आणि इंजिन पहिल्याच झटक्यात गर्जून उठले. मागच्या गाडीवाल्याला भोंगा वाजवण्याचीही संधी मिळाली नाही. खलाशाने दुरून हात उंचावला, “जमलं गुरुजी!”

मी गिअर टाकला नाही. ज्या गोष्टीसाठी आम्ही महिनाभर तळमळलो ती सफळ झाली होती, आणि मला आनंद होत नव्हता. आता भिण्यासाठी सेल्फ उरला नव्हता.

वत्सला समोर धक्क्याकडे पाहत होती. तिने उशी सरळ केली.

“चालू झाली ना?”

“झाली.”

“मग आज डॉक्टरांना हो म्हणायचं,” ती म्हणाली. “गाडीचं निमित्त संपलं.”

मी होकार दिला की नाही ते मला आठवत नाही. गाडी चढ चढली एवढे आठवते.

त्यानंतरचे दिवस मी इथे विस्ताराने लिहिणार नाही; ते अजून माझ्या हाती लागत नाहीत. कार्तिकात मुंबईला शस्त्रक्रिया झाली. झडपेचे दोन प्रकार डॉक्टरांनी समोर ठेवले, एक धातूची, दुसरी प्राणिज. धातूची दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याचे औषध जन्मभर घ्यावे लागते. वत्सलेनेच निवड केली. मला विचारले तेव्हा मी, दात्यांचे ठसे गंधात उमटवणारा मी, एकही प्रश्न विचारू शकलो नाही.

आज दुपारी ऊन कलल्यावर ती ओटीवर खांबाला टेकून बसली होती, आणि मी जवळच पोथी घेऊन. वारा पडला होता. अशा वेळी ती धातूची झडप ऐकू येते. मनगटी घड्याळासारखी, बारीक, कोरडी टिकटिक. पान उलटायचे मी विसरून गेलो होतो. प्रत्येक टिक् निघून गेली की पुढची येईपर्यंत मी थांबत होतो, आणि ती आल्यावर तिच्यापुढच्या टिक्‌साठी. हे तिच्या लक्षात आले असावे.

“ऐकू येतंय ना?” तिने डोळे न उघडता विचारले.

“येतंय.”

“मग चहाचं आधण ठेवा.”

मी उठलो, आत गेलो, गॅसवर पातेले चढवले. स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकू येत नाही. आधण यायला वेळ होता, म्हणून मी दाराच्या चौकटीपर्यंत परत आलो आणि एक कान ओटीकडे, एक पातेल्याकडे लावून तिथेच उभा राहिलो.